आडवा वारा

'वारा वाहील तशी पाठ द्यावी' अशी एक म्हण आपल्याकडे आहे. छत्तीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवताना ही म्हण मी फळ्यावर किती वेळा लिहिली असेल याची गणती नाही. अर्थ सांगा, वाक्यात उपयोग करा, दोन गुण. पण ही म्हण ज्याने केली त्याने आडव्या वाऱ्यात सायकल चालवलेली नसावी, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. वारा मागून असला तर पाठ देता येते. समोरून असला तर मान खाली घालून रेटता येते. पण बाजूने आला तर? मग पाठ देऊन भागत नाही, खांदा द्यावा लागतो.

हे सगळे डोक्यात यायला कारण झाला माझा नातू. पुण्यात नोकरी करतो आणि रविवारी पहाटे उठून पंधरा-वीस जणांच्या टोळक्याबरोबर ऐंशी-शंभर किलोमीटर सायकल मारतो. गेल्या आषाढात चार दिवस आमच्याकडे आला होता. एका संध्याकाळी त्याने मोबाईलवर युरोपातली एक शर्यत दाखवली. सपाट माळ, दोन्ही बाजूंना ओले शेत, झाड औषधालाही नाही. आणि सायकलवाले एकामागे एक न जाता रस्त्यावर तिरपे पसरलेले. जणू कोणी फळ्यावर तिरकी रेघ ओढावी तसे.

"आबा, हे काय आहे ओळखा," तो म्हणाला.

मी म्हणालो, "अरे, ओळखायचं काय त्यात? वारा उजवीकडून आहे. आम्ही असेच यायचो शाळेतून."

त्याला खरे वाटेना. म्हणून आधी आमचा रस्ता सांगतो.

सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग, कवठे महांकाळ ते जत हा पट्टा, म्हणजे पाऊस चुकवून जाणारा मुलूख. पाऊस पडतो तिकडे पश्चिमेला, सह्याद्रीवर. आमच्याकडे येतो तो त्याचा उरलेला वारा. जूनपासून ऑगस्टपर्यंत असा वाहतो की दोरीवरचे धोतर शेजारच्या गावात सापडावे. आता ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या काही उगाच नाहीत. १९८० च्या सुमारास त्या नव्हत्या, वारा मात्र होता. मी ज्या गावात खोली घेऊन राहत होतो ते शाळेच्या दक्षिणेला सात किलोमीटरवर. रस्ता सरळ दक्षिणोत्तर. म्हणजे सकाळी शाळेत जाताना पश्चिमेचा वारा डाव्या कानाला आणि संध्याकाळी परतताना उजव्या कानाला.

त्यात संध्याकाळचा प्रवास फार वाईट. वाऱ्याला तोल देण्यासाठी उजवीकडे कललेले असायचे. मागून एसटी यायची आणि उजव्या बाजूने पुढे जायची. ती शेजारी आली की वारा एकदम बंद! आपण ज्याच्यावर रेललो आहोत ती भिंतच कोणी काढून घ्यावी तसे, आणि सायकल आपोआप एसटीकडे ओढली जायची. एसटी पुढे गेली की वाऱ्याचा फटका पुन्हा बसायचा आणि आपण डावीकडच्या कच्च्या पट्टीवर. ज्याने हे अनुभवले आहे त्याला वारा म्हणजे 'मंद मंद झुळूक' असे निबंधात लिहिणाऱ्या मुलांची गंमत वाटते.

वाटेवरच्या वस्त्यांवरची पाच-सहा मुले माझ्याबरोबर यायची. मोठी सीटवर बसून, लहान हाफ पायडल मारत. सगळ्यांत पुढे, रस्त्याच्या मधोमध मी. माझ्या डाव्या हाताला थोडा मागे एक मुलगा, त्याच्या डावीकडे थोडा मागे दुसरा... अशी तिरकी ओळ. हे कोणी शिकवले नव्हते. मेंढरे उन्हात एकमेकांच्या सावलीत डोके घालतात, तशी मुले वाऱ्यात एकमेकांच्या आडोशाला येत. शेवटचा मात्र नेहमी डांबर संपते तिथे, अर्धे चाक मातीत. त्याला आडोसा नाही आणि रस्ताही नाही.

नातवाने सांगितले की या तिरक्या ओळीला जगभर नावे आहेत. इंग्रजीत 'एशलॉन' म्हणतात, म्हणजे शिडीच्या पायऱ्यांसारखी रचना. हॉलंड-बेल्जियममध्ये 'वायर' म्हणतात, म्हणजे उघडलेला पंखा. आणि जर्मनीत शेवटच्या माणसाच्या जागेला 'विंडकांट' म्हणतात, म्हणजे वाऱ्याची कड. मला तिन्हींत हा जर्मन शब्द आवडला, कारण त्यात मागे राहिलेल्या पोराचा विचार आहे.

यामागचे गणित सोपे आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट तर विरोध चौपट. दुसऱ्याच्या पाठीमागे लपले की पाव ते तिसरा हिस्सा श्रम वाचतात. वारा समोरून असेल तर आडोसा बरोबर मागे मिळतो, म्हणून शंभर माणसेही एका माळेत जाऊ शकतात. पण वारा तिरका असेल तर आडोसाही तिरका पडतो. मग ओळ रस्त्याच्या रुंदीवर पसरते, आणि इथेच खरी गोम आहे. रस्त्याला रुंदी किती? दहा-बारा, फार तर पंधरा माणसे मावली की रस्ता संपला. सोळाव्याला जागा नाही. तो रस्त्याच्या कडेला एकट्याने वारा खात लटकतो, दोन-चार किलोमीटरमध्ये त्याचा दम तुटतो आणि पुढच्याच्या चाकापासून एक हाताचे अंतर पडते. ते अंतर मग भरून निघत नाही. शहाणे लोक लटकत न राहता मागे दुसरी ओळ बांधतात. अशा रीतीने एकाही चढावाशिवाय, कोणीही हल्ला न करता, शर्यतीचे चार तुकडे होतात.

एका ओळीतल्या माणसांचा एक अलिखित करार असतो. पुढचा सगळा वारा आपल्या अंगावर घेतो, अर्ध्या-पाऊण मिनिटाने वाऱ्याच्याच बाजूला सरकतो आणि हळूहळू मागे येतो. आडोशातला दुसरा पुढे जातो. चक्र अखंड फिरत राहते. प्रतिस्पर्धी असले तरी एकमेकांसाठी वारा झेलावा लागतो. एकाने कामचुकारपणा केला तर ओळ तुटते.

आणि करारातले दुसरे कलम नातवाने मला हाताने करून दाखवले. खड्डा, दगड, फुटलेली बाटली, काहीही असले तरी जो पुढे आहे त्याने हात खाली करून बोट दाखवायचे. कारण मागच्याला समोरचे काहीच दिसत नाही. त्याला फक्त पुढच्याचे मागचे चाक दिसते. "आबा, आमच्या ग्रुपमध्ये पहिला नियम हाच. पुढच्याने हात दाखवायचा असतो," तो म्हणाला आणि झोपायला गेला. मी मात्र बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो. का, ते शेवटी सांगतो.

इतिहासाच्या मास्तराला एक धागा सापडला की तो ओढल्याशिवाय राहवत नाही. हौशी सायकलवाल्यांची, म्हणजे पैशासाठी न खेळणाऱ्यांची, मोठी शर्यत कोणती, हे शोधायला लागलो आणि एक जुने चित्र आठवले. तुमच्यापैकी जे माझ्या वयाचे आहेत त्यांना आठवत असेल, सोव्हिएत वकिलातीतर्फे मराठीतही निघणारी ती गुळगुळीत कागदाची मासिके! वर्गणी अगदी नाममात्र आणि कागद असा की वह्यांना कव्हर घालावे तर त्याचेच. अर्ध्या वर्गाच्या वह्यांवर ट्रॅक्टर, बॅले नर्तकी आणि अंतराळवीर असत. एका मुलाच्या इतिहासाच्या वहीवर सायकलस्वारांचा घोळका होता आणि कोपऱ्यात पांढरे कबूतर. वही तपासताना मी ते चित्र पाहत असे. ती होती 'शांतता शर्यत'.

दुसरे महायुद्ध संपून तीन वर्षे झाली होती. वॉर्सा शहर जर्मनांनी जवळजवळ जमीनदोस्त केले होते. १९४८ साली पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया या दोन देशांतल्या कम्युनिस्ट पक्षांच्या वृत्तपत्रांनी मिळून वॉर्सा आणि प्राग या शहरांच्या दरम्यान सायकल शर्यत सुरू केली. १९५२ साली त्यात पूर्व जर्मनीच्या पक्षाचे वृत्तपत्र सामील झाले आणि बर्लिन हे तिसरे शहर आले. ज्या रस्त्यांवरून रणगाडे गेले होते त्याच रस्त्यांवरून दर मे महिन्यात सायकली जाऊ लागल्या. पिकासोने काढलेले शांततेचे कबूतर हे शर्यतीचे चिन्ह. वैयक्तिक आघाडीवाल्याला पिवळा सदरा आणि आघाडीच्या संघाला निळे सदरे. लोकांना निळ्या सदऱ्यांचे अप्रूप पिवळ्यापेक्षा कमी नव्हते, हे मला विशेष वाटते.

प्रचार होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. 'हौशी' हा शब्दही तिकडे तसा नावापुरताच. कागदावर कोणी विद्यार्थी, कोणी सैनिक, कोणी कारखान्यातला कामगार. पण रस्ता आणि वारा यांना प्रचार कळत नाही. पोलंडचे आणि उत्तर जर्मनीचे मैदान म्हणजे बाल्टिक समुद्राकडून सुटलेल्या वाऱ्याला अडवायला काही नाही. तिथे जो आडव्या वाऱ्यात बसायला शिकला तोच टिकला. १९५० ते १९५४ या पाच वर्षांत चार वेळा डेन्मार्कचे स्वार जिंकले. डेन्मार्क म्हणजे सपाट जमीन आणि दोन्हीकडे समुद्र! मधल्या १९५२ सालचा विजेता इयन स्टील हा स्कॉटलंडचा. म्हणजे 'लोखंडी पडद्या'आडच्या शर्यतीत या पाच वर्षांत बाजी मारली ती पलीकडून आलेल्यांनी.

मग पूर्व जर्मनांनी वाऱ्याचा अभ्यास केला. त्यांचा गुस्ताव्ह-अडोल्फ शूर, लोक लाडाने त्याला 'टेव्ह' म्हणत, १९५५ आणि १९५९ अशी दोनदा शांतता शर्यत जिंकला. १९५८ आणि १९५९ अशी लागोपाठ दोन वर्षे तो हौशींचा जगज्जेताही झाला. त्यातली १९५९ सालची जागतिक शर्यत हॉलंडमधल्या झांडव्होर्टला, उत्तर समुद्राच्या वाळूच्या टेकड्यांत. १९६० साली स्पर्धा त्याच्या स्वतःच्या देशात होती. तिसऱ्यांदा जिंकण्याची संधी होती. शेवटच्या टप्प्यात पुढे तिघेच उरले: शूर, त्याचाच सहकारी बर्नहार्ड एकश्टाइन आणि एक बेल्जियन. बेल्जियन शूरवर डोळा ठेवून बसला. शूर जागचा हलला नाही, एकश्टाइन सुटला आणि जिंकला. शूर दुसरा. त्याच्या देशात आजही लोक त्याच्या दोन विजयांपेक्षा या दुसऱ्या क्रमांकाची आठवण जास्त काढतात म्हणे.

याच देशाने पुढे आपल्या खेळाडूंना, कित्येकदा त्यांना न सांगता, ताकदीची औषधे चारली. बर्लिनची भिंत पडल्यावर ते सगळे कागदपत्रांनिशी उघड झाले. म्हणजे वाऱ्यातला करार पाळणारी माणसे आणि तो न पाळणारे सरकार एकाच ठिकाणी नांदत होते. हे लक्षात ठेवून पुढचे वाचा.

साल १९८६. शांतता शर्यतीचे एकोणचाळिसावे वर्ष. त्या वर्षी सुरुवात होती सोव्हिएत युक्रेनची राजधानी कीव्ह इथून. तारीख ६ मे.

२६ एप्रिलच्या पहाटे, कीव्हच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, चेर्नोबिलच्या अणुवीज केंद्रातली चौथी भट्टी फुटली. शेजारचे प्रिप्यात हे जवळजवळ पन्नास हजार वस्तीचे गाव दुसऱ्या दिवशी दुपारी रिकामे केले. बाहेरच्या जगाला कळले ते सरकारकडून नव्हे. २८ एप्रिलला सकाळी स्वीडनमधल्या एका अणुकेंद्रात कामगाराच्या बुटांना किरणोत्सर्ग लागलेला आढळला. केंद्रातली गळती शोधायला गेले तर गळती नाही. मग वाऱ्याची दिशा पाहिली आणि बोट पूर्वेकडे गेले. त्या रात्री मॉस्कोच्या दूरदर्शनवर चार ओळींची बातमी आली.

म्हणजे बघा, हात वाऱ्याने दाखवला.

पहिले दोन-तीन दिवस वारा वायव्येकडे होता, बेलारूस आणि स्कँडिनेव्हियाच्या दिशेने. कीव्ह वाचले होते. एप्रिलच्या अखेरीस वारा फिरला आणि दक्षिणेला, कीव्हकडे वाहू लागला. शहरातला किरणोत्सर्ग चढू लागला. अधिकाऱ्यांकडे आकडे येत होते. तरीही १ मे रोजी ख्रेश्चातिक या हमरस्त्यावर कामगार दिनाची मिरवणूक निघाली. उघड्या डोक्याने, फुले घेतलेली शाळकरी मुले त्यात होती. पाच दिवसांनी त्याच शहरात शांतता शर्यतीचा बिगूल वाजला.

अमेरिका, ब्रिटन यांच्यासह अनेक पाश्चात्त्य देशांचे संघ आलेच नाहीत. पूर्वेकडच्या संघांना 'न येण्याचा' पर्याय खऱ्या अर्थाने नव्हता. काळजीचे कारण नाही, असे त्यांना सांगण्यात आले. पहिले टप्पे कीव्हमध्येच झाले, मग सगळा ताफा वॉर्साकडे गेला आणि बर्लिनवरून २२ मे रोजी प्रागला शर्यत संपली. पूर्व जर्मनीचा ओलाफ लुडविग जिंकला. चांगला खेळाडू. दोन वर्षांनी सोलच्या ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदकही मिळवले.

पण मी त्या पहिल्या दिवसांचा विचार करतो. सायकलस्वार म्हणजे वाऱ्याचा सगळ्यांत जवळचा माणूस. गवत कोणीकडे झुकले, झेंडा कोणत्या बाजूला फडफडतो, गालावर झुळूक कुठून लागते, हे तो न बघता बघतो. सर्वसाधारण माणूस घरात बसून जेवढी हवा आत घेतो त्याच्या कित्येक पट हवा तो शर्यतीत आत घेतो. वाऱ्याची दिशा त्याला नक्की कळत होती. वाऱ्यात काय आहे ते मात्र त्याला कळायला मार्ग नव्हता. त्याला वास नाही, रंग नाही. ते कळायला पुढच्याने हातच दाखवायला हवा होता. आणि पुढच्यांना खड्डा दिसलेला होता!

त्याच सुमारास युक्रेनच्या आरोग्यमंत्र्यांनी लोकांना खिडक्या लावून घ्या, जमीन ओल्या फडक्याने पुसा, असा सल्ला दिला. रेल्वे स्टेशनवर मुलांना घेऊन निघालेल्या आयांची झुंबड होती. मेच्या मध्याला शाळा मुदतीआधी बंद करून मुले बाहेरगावी हलवली. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह दूरदर्शनवर बोलले ते १४ मे रोजी, अपघातानंतर अठराव्या दिवशी. अठरा दिवस हात हँडलवरच होता.

वारा काही देशाच्या सीमेवर थांबत नाही. ब्रिटनमधल्या वेल्सच्या डोंगरांवर पावसाबरोबर ते द्रव्य उतरले आणि तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवरची शेवटची बंधने उठली ती २०१२ साली. आपल्या मुंबईतही तो वारा येऊन गेला, पण लोण्यात बसून! युरोपकडून मदत म्हणून आलेल्या आयर्लंडच्या लोण्यात किरणोत्सर्ग असल्याच्या शंकेवरून मुंबईत वाद झाला, प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि १९८८ साली लोणी खाण्यास सुरक्षित असल्याचा निर्वाळा मिळाला. मला यातली न्यायालयाची पद्धत आवडते. आधी विचारले, तपासले, मग सांगितले. भीती खरी निघाली की खोटी, हा पुढचा प्रश्न. पुढे काय आहे ते मागच्याला कळले पाहिजे, एवढीच मागणी असते.

शांतता शर्यत त्यानंतरही चालली. भिंत पडली, देश बदलले, पैसे देणारे गेले, आणि २००६ साली ती मोठी शर्यत शेवटची झाली. ती मासिके त्याआधीच बंद पडली होती. वह्यांना आता खाकी कव्हरे असतात.

आता गॅलरीत का बसून राहिलो ते सांगतो. दुसऱ्यांच्या सरकारांना नावे ठेवणे इतिहासाच्या मास्तराला फार सोपे असते.

१९८४ चा आषाढ. शाळा सुटून आम्ही परतत होतो. वारा उजवीकडून, नेहमीपेक्षा जोराचा. मी पुढे, माझ्यामागे डावीकडे तिरक्या ओळीत पाच मुले, सगळ्यांत शेवटी सातवीतला एक मुलगा. थोरल्या भावाची सायकल घेऊन येत असे. ओढ्यावरच्या मोरीशी आलो तेव्हा मला दिसले की आदल्या रात्रीच्या पाण्याने मोरीची डावी कड वाहून गेली आहे. डांबराचा हातभर तुकडा गायब. मी रस्त्याच्या मधोमध होतो, मला काहीच अडचण नव्हती. ओरडलो असतो तर आवाज वाऱ्याने पूर्वेला नेला असता हे खरे. पण डावा हात काढून खाली दाखवता आला असता. त्या वाऱ्यात एक हात सोडला तर माझी सायकल भेलकांडली असती. मनात आले, दिसेलच की त्यांना. आणि मी पुढे गेलो.

चौघे वाचले. पाचवा मोरीत गेला. त्याला दिसणार काय? त्याला पुढच्याचे चाक दिसत होते.

डावा हात मोडला. बैलगाडीतून त्याला घरी नेले. वडील शेतातून धावत आले आणि म्हणाले, "काय झालं वो, सर?"

मी म्हणालो, "त्याचं लक्ष नव्हतं."

ते ताबडतोब म्हणाले, "पोराचं ध्यान ठिकाणावर नसतंयच, सर. काय करायचं!" मास्तरांच्या शब्दावर शंका घ्यायची त्या घरात पद्धत नव्हती. मुलगा वाकळेवर पडून माझ्याकडे बघत होता. एक शब्द बोलला नाही. सायकल त्याच्याकडून काढून घेतली गेली. हात बरा झाल्यावर तो चालत येऊ लागला आणि आठवीत त्याने शाळा सोडली. घरची परिस्थिती होती, दुष्काळ होता, सायकल हे एकच कारण नव्हते, असे मी स्वतःला चाळीस वर्षे सांगत आलो. ते खोटेही नाही. पण 'त्याचं लक्ष नव्हतं' हे वाक्य मी उच्चारले होते, आणि ते खोटे होते. 'काळजीचे कारण नाही' या वाक्याचाच तो धाकटा भाऊ.

या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी लग्न होते, म्हणून त्या भागात गेलो. कालव्याचे पाणी आल्यापासून तिकडे द्राक्षबागा झाल्या आहेत, ओळखू येत नाही. त्या मुलाची वस्ती विचारत गेलो. मुलगा कसला, पन्नाशी ओलांडलेला, केस पांढरे झालेला बागायतदार. पाया पडला. खुर्ची दिली. मी चहा यायच्या आधीच सांगून टाकले, नाहीतर धीर सुटला असता. म्हणालो, "त्या दिवशी मोरीची कड तुटलेली मला दिसली होती. मी हात दाखवला नाही. आणि तुझ्या वडिलांना खोटं सांगितलं."

तो थोडा वेळ बागेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुमाला दिसलं हुतं ते मला तवाच कळलं हुतं, सर."

"कसं?"

"दुसऱ्या दिशी तुमी मोरीवर चुना लावलेला दगुड ठेवलासा की. पोरांनी सांगितलं मला. ठेवलासा ते बेसच केलंसा. एक दिस उशिरा, एवढंच."

यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते. वडील कधीच गेले होते, त्यांना सांगायचे राहिलेच. चहा आला, तो घेतला. निघताना त्याने मुलाला हाक मारून बेदाण्यांची पिशवी माझ्या हातात दिली आणि रस्त्यापर्यंत सोडायला आला. फाट्याजवळ रस्ता उखणलेला होता. मी पुढे होतो. काठी टेकत चाललो असताना त्याने मागून हाताला धरून मला बाजूला घेतले.

असो.